आये आणि माझा एक कान

माझ्या सासूबाईंची माया तेलाच्या वाटीतून यायची. दर शनिवारी लसूण घालून तेल कोमट करायचं आणि परळच्या आमच्या चाळीत जो हाताला लागेल त्याच्या कानात सोडायचं. कोणी पळालाच तर जिन्यापर्यंत त्याच्या मागे जायच्या. सगळे त्यांना आये म्हणत, मीही.

माझा डावा कान लहानपणीच गेलेला. लग्नानंतर उजव्यात मांस वाढलं आणि ते काढावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी आयेंना काय बजावलं ते माझ्या नवऱ्याने मला नंतर सांगितलं, "कान कोरडा राहिला पाहिजे. पाणी नको, तेल तर मुळीच नको. शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. हा कान बिघडला तर हिला दुसरा नाही." आयेंचा चेहरा उतरला. तेलाला नाही म्हणणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

कानात बोळा, त्यामुळे मला काहीच ऐकू येईना. आये गिरणीत कामाला होत्या. तिथल्या खडखडाटात बायका ओठांनी आणि हातांनीच बोलत. तीच भाषा त्यांनी घरी सुरू केली. मला शिंक येतेय असं दिसलं की, बाळाला घास भरवताना करतात तसा, स्वतःच आ वासायच्या. मला हसू यायचं आणि शिंक पळायची. रस्त्यावरून संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे जात. एकही न चुकवणाऱ्या आये त्या दिवसांत माझ्याजवळ गॅलरीतच थांबत. मला नुसती उघडी तोंडं दिसत.

मग शनिवार आला. पडल्या पडल्या लसणाचा वास आला. डोळे उघडते तर आये चमचा घेऊन माझ्यावर वाकलेल्या, दुसऱ्या हाताने बोळा चाचपताहेत. हाताची सवय! मी ओरडणार तेवढ्यात त्यांनीच जीभ चावली, मटकन खाली बसल्या आणि ते तेल स्वतःच्या कानात ओतलं. काय पुटपुटल्या तेही यांनीच मला नंतर सांगितलं, "तापयलेलां तेल काय मोरीत ओतू?" संध्याकाळी त्यांनी तेलाची बाटलीच शेजारी नेऊन दिली.

बोळा निघाला. डॉक्टरांनी कानाशी घड्याळ धरलं. टिकटिक ऐकू आली म्हणून मी मान हलवली, तर आये तिथेच रडायला लागल्या. परतताना वाटेत मोर्चा लागला. आयेंनी आधी माझ्या कानावर हात ठेवला आणि मग खणखणीत घोषणा दिली. मला त्या दिवशी फार सुख वाटलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी आये गेल्या. शेवटी आवाज इतका खोल गेला होता की पोटच्या मुलांनाही शब्द लागेना. मी उजवा कान त्यांच्या ओठांशी नेला.

"जेवलंस काय गो?"

मला स्पष्ट ऐकू आलं.