अण्णांची पाठ

आमच्या अण्णांना घरात सगळे तोंडावरून ओळखतात, रस्त्यावर मात्र पाठीवरून. अण्णा म्हणजे माझे सासरे भगवान सावंत, बँकेतून रिटायर झालेले, राहणार वर्तकनगर. हा माणूस बायकोबरोबर घराबाहेर पडला की कायम दहा पावलं पुढे. मागून सासूबाई, दोन्ही हातांत पिशव्या. मधूनच अण्णा समोर बघतच ओरडणार, "पाय उचल, पाय उचल!" आणि मागून आई म्हणणार, "आले हो, आले!"

मी डोंबिवलीची. आमच्याकडे चार जणं हातात हात घालून अख्खा फडके रोड अडवत चालतात. लग्न होऊन इथे आलेले तेव्हा मला वाटलं, सासू-सासऱ्यांचं कडाक्याचं भांडण झालंय. नवऱ्याला विचारलं, तर संदेश म्हणाला, "छे गं, ते फिरायला निघालेत."

मागच्या दिवाळीत मात्र कहर झाला. दोघं नौपाड्यात खरेदीला गेलेली. येताना अण्णा शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या बाजूला अर्धं बूड टेकवून बसले. मागे तीन माणसं बसली, त्यातलं एक आपलंच असणार, असं त्यांनी धरून टाकलं. वर्तकनगरला उतरून दोघांचं भाडं दिलं. ड्रायव्हरनेही मुकाट घेतलं, त्याचं काय जातंय? मग तरातरा घरी आले, दारातूनच म्हणाले, "चहा टाक गं." मी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेले. बाहेर येऊन विचारलं, "अण्णा, आई कुठायत?"

"मागे आहे ना."

मागे फक्त दार होतं.

आई नौपाड्याच्या फुटपाथवर उभ्या होत्या. चप्पल तुटलेली, फोन अण्णांकडच्या पिशवीत. तुटलेल्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावून त्या पाय ओढत कशाबशा घरी आल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. अण्णांचा चहा तेवढा दोन दिवस बिनसाखरेचा झाला, आणि अण्णांनी तो निमूट प्यायला. त्या विषयावर त्यांनी चकार शब्द काढला नाही, जसं काही घडलंच नव्हतं.

आई माझ्याजवळ एकदाच बोलल्या. "चप्पल तुटली त्याचं काही नाही गं, ऐश्वर्या. मी दोनदा हाक मारली. 'अहो, थांबा,' म्हटलं. माणसाने एकदा तरी मागे वळून बघू नये?" मला तर असा संताप आलेला ना, सासरे नसते तर दोन शब्द सुनावलेच असते.

जानेवारीत आमच्या इथल्या एका मंडळाने कुटुंब दौड काढली. मैदानातून निघायचं, उपवन तलावाला वळसा घालून दुसऱ्या रस्त्याने परत मैदानात. चौघांचं कुटुंब, आणि चौघांनीही हात धरून शेवटची रेषा ओलांडायची. एक जरी कमी असला तरी कुटुंब बाद. पहिलं बक्षीस मिक्सर. आमच्याकडे मिक्सर चांगला धडधाकट आहे, पण खालच्या मजल्यावरच्या राघोकाकांनी नाव दिलं म्हटल्यावर अण्णांच्या अंगात आलं. कुठून तरी एक शिट्टी पैदा केली.

"कॅप्टन मी," अण्णा म्हणाले. "तुम्ही काही डोकं चालवू नका. फक्त माझ्या मागे या."

त्या संध्याकाळी मेथी निवडता निवडता आईंनी विचारलं, "एक कमी असला तर बाद, असंच ना गं?"

"हो."

"म्हणजे यांना मागे बघावंच लागणार."

मी जुडी खाली ठेवली. आई गालातल्या गालात हसत होत्या. बेत साधा होता. तलावाजवळ सरबताचं टेबल असणार, तिथे खुर्ची ओढून बसायचं. अण्णा वळून बघेपर्यंत उठायचं नाही. संदेशला सांगितलं तर तो घाबरला. "आई, अण्णा चिडतील."

"चिडू देत. चिडायला तरी वळतील."

दौडीच्या सकाळी आईंनी साडीवर मंडळाचा पिवळा टी-शर्ट चढवला, पायात नवेकोरे पांढरे बूट. अण्णांनी शिट्टी फुंकली आणि जे सुटले, ते सुटलेच. "पाय उचला! पाय उचला!" पिवळी पाठ गर्दीत लांब लांब जात राहिली. तलावापाशी आई शांतपणे खुर्चीत बसल्या आणि लिंबू सरबत मागवलं. मी आणि संदेश बाजूला उभे राहिलो.

पहिला ग्लास मजेत संपला. राघोकाका बायको-पोरांसकट समोरून गेले, वर म्हणाले, "काय वहिनी, दमलात?" आई म्हणाल्या, "नाही हो, वाट बघतेय."

दुसऱ्या ग्लासाला आईंचं हसू कमी झालं. आजीआजोबांच्या जोड्या गेल्या, बाबागाडीवाले गेले, एक जण कुत्रा घेऊन गेला. अण्णांचा पत्ता नाही. मी फोन काढला, तर आईंनी तो हातातून काढून घेतला.

"फोन करून वळवलं तर त्यात काय राहिलं?" मग खाली बघत म्हणाल्या, "नाही यायचे ते. तिकडे मिक्सरची चौकशी करत उभे असतील. मीच वेडी." आपण म्हाताऱ्या माणसाची चेष्टा करायला गेलो आणि आपलंच रडं झालं, असं वाटलं.

तेवढ्यात पुढच्या वळणावर आरडाओरडा झाला. "ओ काका, उलटे कुठे? काका, तिकडून नाही!" धावणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत, माणसांना ढकलत, एक जण उलटा येत होता. गळ्यातली शिट्टी पाठीवर गेलेली, चेहरा घामाने थबथबलेला आणि पांढराफटक. रस्त्यावर अण्णांचं तोंड मी पहिल्यांदाच बघत होते.

ते आईंसमोर येऊन थांबले. गुडघ्यांवर हात, धाप लागलेली. मला वाटलं, आता तोफ सुटणार.

"काय झालं?" अण्णा म्हणाले. "चप्पल तुटली का?"

आईंनी स्वतःच्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं, मग अण्णांकडे. म्हणजे या माणसाला नौपाडा आठवत होता. इतके दिवस. आईंना हसू फुटलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "नाही हो," त्या म्हणाल्या, "आज काही नाही तुटलं."

"मग रडतेस काय?" अण्णा गांगरले. "मी रेषेजवळ गेलो, तिथला मंडळाचा पोरगा म्हणाला कुटुंब कुठाय. मी म्हटलं, मागे आहे. बघतो तर..." आईंनी स्वतःच्या हातातलं उष्टं सरबत त्यांना दिलं. अण्णांनी ते गटागटा प्यायलं.

आम्ही परत पोचलो तेव्हा मिक्सर राघोकाकांच्या काखेत होता आणि मंडळाची पोरं पताका उतरवत होती. अण्णा सगळा रस्ता आईंच्या शेजारून चालले. सवय नव्हती, त्यामुळे दोनदा त्यांच्या पायावर पाय दिला.

रेषेजवळ आम्ही चौघांनी हात धरले. आईंनी पदर खोचला, एक पाऊल पुढे टाकलं आणि अण्णांचा हात खेचला.

"अहो, पाय उचला, पाय उचला!"

"आलो गं, आलो," अण्णा म्हणाले.

आई रेषेपलीकडे उभ्या होत्या, मागे वळून त्यांच्याकडे बघत.