अकरावं फनम

हैदराबादला जायचं ठरलं ते अण्णांच्या एका वाक्यावर. "सुमा, सोन्याचं फनम एकदा तळहातावर घेऊन बघायचंय. काचेपलीकडून नको."

अण्णा म्हणजे माझे वडील. वय एकोणऐंशी, जन्मभर परभणीच्या शाळेत इतिहास शिकवला. जुनी नाणी, त्यातही दक्षिणेतलं हे चिमुकलं फनम, म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण वर्षभरापासून त्यांना विसरायला होतं, आणि दिसेल ती वस्तू ते खिशात टाकतात. शेजाऱ्यांची किल्ली, औषधाच्या दुकानातलं पेन, एकदा तर बारशात बाळाचा चांदीचा वाळा. त्यांना कळतच नाही. फनमं होती तिथल्या एका वकिलांच्या घरी. भाऊ म्हणाला, "जिथं सोनं मांडून ठेवलंय त्या घरात त्यांना नेतेस? वेड लागलंय का?" डॉक्टर म्हणाले, "जायचं तर आत्ताच जा."

परभणीहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी काचीगुडा. स्लीपरला माणशी तीनशेच्या आसपास लागतात. सोबत वयस्कर माणूस असेल तर खालचा बर्थ आधीच मागून घ्या. स्टेशनबाहेर ऑटोवाले तोंडाला येईल तो आकडा सांगतात. घासाघीस करून आम्ही चिक्कडपल्लीला उतरलो. तिथं तुपात बुडवलेली, वर कारम पूड, म्हणजे लाल तिखट चटणी, टाकलेली इडली खाल्ली. नक्की खा. बिल देताना अण्णांच्या खिशातून हॉटेलचा चमचा निघाला. "कोई बात नै अम्मा," वेटर हसला. मीही हसले. आता चमचा होता. अकरा वाजता काय?

अकरा वाजता देऊळगावकर वकिलांकडे जायचं होतं. अण्णांची आणि त्यांची फोनवरची ओळख. घराणं तीन पिढ्यांपासून हैदराबादेत, आणि वकिलांनी आयुष्यभर नाणी जमवलेली. जिना चढताना ठरवलं होतं की त्यांना बाजूला घेऊन अण्णांच्या सवयीबद्दल सांगायचं. पण अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, वकिलांना "नमस्कार, नमस्कार" म्हणताना चेहरा असा फुलला होता, की माझी जीभच उचलेना.

वकिलांनी आधी पंखा बंद केला. "फनम उडतं हो वाऱ्यानं," ते म्हणाले. खरंच, मसुरीच्या डाळीएवढं नाणं! अशी अकरा त्यांनी टेबलावर ओतली. मग एक लाकडी फळी काढली, तिच्यावर बारीक खळग्यांच्या ओळी. अण्णा वर्गात असल्यासारखे बोलायला लागले. "बघ सुमा, दक्षिणेत बाजार चालायचा तो यांच्यावर. मोठ्या व्यवहाराला होन, किरकोळीला फनम. साधारण दहा फनमांना एक होन, पण गाव बदललं की भाव बदलायचा, म्हणून सराफाशिवाय पान हलत नसे. बोटांनी मोजणं अवघड, म्हणून ही फळी. मूठभर ओतायची, हलवायची, एका खळग्यात एक बसतं."

त्यांनी एक फनम तळहातावर घेतलं. मी त्या हातावरून नजर हलवली नाही. पण वकीलवहिनी चहा घेऊन आल्या, मी ट्रे धरायला उठले, आणि परत पाहिलं तेव्हा अण्णांचा हात रिकामा होता.

वकिलांनी टेबलावरची नाणी हातानं ओढून गोळा केली, फळीवर ओतून हलवली. दहा खळगे भरले. अकरावा रिकामा.

"कुणी हलू नका," ते म्हणाले. आवाज बदलला होता.

टेबलाखाली, सतरंजीवर, चहाच्या बश्यांखाली, सगळीकडे शोधलं. घामानं सगळे निथळत होतो. "मिळतंय की हो, परेशान कायको होता?" वहिनी म्हणत होत्या, पण वकील माझ्याकडे बघत नव्हते. ते अण्णांच्या खिशाकडे बघत होते. मला सकाळचा चमचा आठवला.

मी अण्णांना विचारलं नाही. सरळ त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. त्यांनी दोन्ही हात जरासे वर केले, पोलिसांपुढे करतात तसे. वरच्या खिशात रुमाल आणि गोळ्यांची पट्टी. बाजूच्या खिशात काही नाही.

आता काय, तोंड उघडायला सांगू?

तेवढ्यात वकिलांनी कपाळाचा घाम पुसायला हात उचलला आणि वहिनी ओरडल्या, "अहो, तुमच्या मनगटाला!"

मनगटाच्या आतल्या बाजूला, घामात चिकटलेलं, पिवळं टिकलीएवढं फनम.

वकिलांनी ते नीट डबीत ठेवलं आणि अण्णांचे हात हातात घेतले. "मास्तर, माफ करा. माझ्या मनात नको ते आलं होतं."

"होतं हो असं," अण्णा म्हणाले. "केवढंसं ते."

वहिनींनी जेवायला थांबवून घेतलं. खड्या मसाल्याचा बगारा भात, टोमॅटोची चटणी. मी भात नुसता चिवडत बसले. अण्णा मात्र दोनदा भात घेऊन जेवले.

घरी येऊन आठवडा झाला. कुणी जाणार असाल तर जरूर जा, थंडीत जा, आणि सोबतच्या माणसाबद्दल जे सांगायचं ते जिन्यातच सांगून टाका. मी सांगितलं असतं तर वकिलांनी नाणं अण्णांच्या हातात दिलं असतं का, हे मला अजून माहीत नाही. पण चारचौघांत बापाच्या खिशात हात घालण्याची वेळ आली नसती.

काल धीर करून अण्णांना म्हणाले, "त्या दिवशी माझं चुकलं. तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता."



"कशावर ठेवणार होतीस?" ते म्हणाले. "तू हात घातलास तेव्हा मीपण श्वास रोखून उभा होतो गं. माझं मलाच माहीत नव्हतं."