तारखेला थांबलो

नामांतराची धामधूम चालू होती तेव्हाची गोष्ट. बांधाच्या भांडणापायी मी परभणीच्या कोर्टात खेटे घालायचो. माझा वकील फौजेतून आलेला. तिथंबी तो वकीलच होता, चुकलेल्या जवानांवर खटले चालवायचा. जज आले की आमी नुसते उठायचो, हा टाचा जुळवून ताठ व्हायचा. लोक हसायचे, "परेड सुरू झाली!"

एका तारखेला पेडगावचा शेजारी धावत आला. म्हणाला, "वहिनीचं काही खरं न्हाई."

वकील म्हणाला, "काका, निघा. तारीख मी बघतो."

"न्हाई साहेब. नाव पुकारलं अन् मी नसलो तर बांध जाईल."

तो माझ्याजवळ बाकड्यावर बसला. बुटावरची धूळ अंगठ्यानं पुसत बोलला, "एक जवान बायको मरायला टेकली म्हणून रजा नसताना गावी पळाला. तिच्या उशाशीच त्याला धरला. मी त्याला कैद लावली. कायद्यानं बरोबरच होतं. पण नंतर मला ती वर्दी अंगावर सोसवंना. उठा, काका."

मी उठलो न्हाई. चार वाजता नाव पुकारलं अन् पुढची तारीख दिली. घरी पोचलो तवर तिला खाली घेतलं होतं.

बांध पुढं मलाच मिळाला. वकील कुठं गेला, ठाऊक न्हाई. तोंड न पाहिलेला तो जवान मात्र रोज आठवतो. कैद झाली त्याला, पण बायकोच्या उशाशी तो होता.