पाटावरची हार्ड डिस्क

दिवाळीत शेठजींनी कॉम्प्युटर खोलला, आतली हार्ड डिस्क काढली आणि पाटावर मांडून तिची पूजा केली. ऐकणारे हसतात. मी हसत नाही, कारण त्यांचं म्हणणं त्यांच्या परीनं बरोबरच होतं.

इचोड्याला हायवेलगत त्यांची कापसाची अडत होती. लक्ष्मीपूजनाला पाटावर वही मांडायची, ही तिथली रीत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वह्या बंद झाल्या, हिशेब कॉम्प्युटरात गेला. मग पुजायचं काय? त्या टीव्हीसारख्या पडद्याला कुंकू लावून काय उपयोग? सगळा हिशेब आतल्या एका डबीत असतो, हे मीच कधीतरी सांगून बसले होते. शेठजींनी स्क्रू काढून डबीच बाहेर घेतली.

कॉम्प्युटर चालवायला मी होते. बोथजवळच्या आमच्या बौद्धवाड्यातून मास्तर झाले होते, कारकून झाले होते; कॉम्प्युटरचा कोर्स केलेली मी पहिली. माझ्या आईची उमर अशाच शेठ लोकांचा कापूस वेचण्यात गेली. पूजेला मला बोलावणं नव्हतं. वर्षभर हिशेबाला चालणारे माझे हात त्या एका संध्याकाळी चालत नव्हते. मलाही तिथं जायची हौस नव्हती.

पाडव्याला मुहूर्ताचं पहिलं बिल निघायचं. सकाळी मी पोचले तेव्हा काट्यापुढे कापसाच्या गाड्या लागल्या होत्या आणि शेठजींनी डिस्क स्वतःच परत बसवून ठेवली होती. मी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उमटली, हार्ड डिस्क फेल. बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा तीच ओळ.

"म्या आदीच सांगतलं होतं," मागून मुनीमजी म्हणाले. वह्या बंद झाल्यापासून ते माझ्यावर धुमसत होते. "लक्ष्मी ज्याच्यावर बसली, त्याले कोनाचाबी हात लागला का असंच होते."

शेठजींनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "राहू दे बाई. नागपूरचा मेकॅनिक येईल. तवरोक मुनीमजी वही धरतीन. तुह्यं मंग पाहू."

'मंग पाहू'चा अर्थ मला चांगला कळत होता. वही परत आली की माझी खुर्ची गेली. खुर्ची गेली की मी आईच्या शेजारी, शेतात कापसाच्या तासात वेचणीला. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"रोज माह्याच हात लागते शेठजी, तवा चालते," मी म्हणाले. "आज काऊन नाही चालत?"

मी उत्तराची वाट पाहिली नाही. सेटअप उघडून पाहिलं, तर तिथं डिस्कच्या नावाची जागा रिकामी. कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला. आत डिस्क फिरत होती, बारीक घरघर येत होती. म्हणजे तिला वीज मिळत होती, ती मेलेली नव्हती. तिचं म्हणणं मदरबोर्डापर्यंत पोचत नव्हतं, एवढंच. मग उरली ती दोघांना जोडणारी चपटी केबल.

"हात नोको लावू," मुनीमजी ओरडले. मी प्लग काढला आणि स्क्रू खोलले. कोर्सला पोरांना मशीन खोलू द्यायचे आणि आम्हाला टायपिंगला बसवायचे. मी टायपिंग करता करता मान वळवून सगळं पाहून घेतलं होतं.

मदरबोर्डाकडचं टोक नीट होतं. डिस्ककडचं ओढलं आणि बघतच राहिले. दोन ओळींत उभ्या असलेल्या बारीक पिनांमध्ये कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा अडकला होता. त्याच्यावरूनच केबल दाबून बसवलेली, त्यामुळे एक पिन आडवी झालेली.

दाणा तळहातावर घेऊन मी मुनीमजींपुढे धरला. "तुमची अक्षता." त्यांनी तोंड फिरवलं.

मी पदराची सेफ्टी पिन काढली. ती आडवी पिन तुटली असती तर सगळं माझ्याच माथी आलं असतं. भीती वाटत होती. पण ती त्या दोघांना दिसू द्यायची नाही, एवढं ठरवून मी ती हळूहळू उभी केली, कुंकू झटकलं, केबल सरळ बसवली आणि बटण दाबलं. पडद्यावर डिस्कचं नाव आलं. मागोमाग हिशेबाचा पडदा उघडला.

"पावली!" शेठजींनी हात जोडले.

"कोन पावली?" मी विचारलं.

तेवढ्यात मुनीमजी पाण्याचा तांब्या घेऊन आले. "जरा शिंपडून घेऊ शेठजी. तिनं खोललं हाय."

मी खुर्चीवरून उठले नाही. "शिंपडा," मी म्हणाले. "पन पानी आत गेलं तर मी पुन्हा खोलनार नाही. मंग गाडीवाल्याइले तुमीच सांगा."

बाहेर गाडीवाले आरडाओरडा करत होते. शेठजींनी हातानंच खूण केली आणि मुनीमजींनी तांब्या खाली ठेवला.

प्रिंटरनं करकरत मुहूर्ताचं बिल काढलं. एरवी मी बिल टेबलावर ठेवायची आणि शेठजी तिथून उचलायचे. माझ्या हातातून त्यांच्या हातात थेट काही जात नसे. त्या दिवशी मी बिल टेबलावर ठेवलं नाही. हात लांब करून धरून राहिले. शेठजी टेबलाकडे पाहत थांबले. मीही थांबले. बाहेरून कुणीतरी पुन्हा हाक मारली, आणि त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं.