आत्याच्या अक्षरातला फॉर्म

मंडळी, सायबर कॅफेतून लिहितोय. आज खरं तिरुवैयारु गावाला निघालो होतो. कॉफी पीत बसलो, बस गेली, मग आत्याच्या कॉलेजच्या मैदानावर जाऊन टेकलो.

आत्या इथं बारा वर्षं मुलींना बास्केटबॉल शिकवते. स्वतः राज्याकडून खेळली, पण पदवी नाही, म्हणून दरवर्षी तात्पुरती नेमणूक. आता ती जागा कायमची होणार, पण पदवीवालीलाच मिळणार.

मुली फॉर्म भरताना चुका करतात, म्हणून रेल्वेचे, बँकेचे सगळे फॉर्म आत्याच भरते. आज तिची जुनी खेळाडू सेल्वी पापनाशमहून आली. तिनं व्यायामशिक्षणाची पदवी घेतलीय. तिला भरायचा फॉर्म आत्याच्याच जागेचा होता.

"नको मिस, मी दुसरीकडं बघते," सेल्वी म्हणाली.

"गप गं! फोटो आणलास? मागच्यासारखा लग्नातला नको, नथ घातलेला."

आत्यानं सगळं नीट भरलं. 'प्रशिक्षकाचं नाव' इथं स्वतःचं नाव लिहिलं आणि पाकीट माझ्याकडं दिलं.

मी विचारलं, "आत्या, तुला काहीच वाटत नाही?"

"पाचचं टपाल चुकेल रे. पळ."

टपालपेटीसमोर बराच वेळ उभा राहिलो. नसतं टाकलं तर कुणाला कळलं नसतं. टाकलं. वाईट वाटलं नाही, बरंही नाही.

परत आलो. "टाकलंस?"

"हो."

तिनं मान हलवली आणि मुलींना अजून दहा फेऱ्या मारायला लावल्या.

तुम्ही टाकलं असतं का? खरं सांगा.