दिवाळीच्या मुदतीत शिकायची भाषा

माझी लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली आणि परत जाणार नाही म्हणाली, त्या वर्षी संगणकाच्या भाषेची पुस्तके निवडण्याचा प्रसंग माझ्यावर आला.

जळगावात तहसील कचेरीच्या आवारात माझे बाकडे आहे आणि मी अर्जनवीस आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे शिक्षण कायद्याच्या पुस्तकांनी आणि पक्षकारांच्या रडगाण्यांनी केले. आवारातील वकीलसुद्धा अवघड मसुदा असला की माझ्याकडे पाठवतात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो.

तिला सासरी कोणी मारले नव्हते, उपाशी ठेवले नव्हते. अर्जात मांडता येईल असे एकही कारण तिच्याजवळ नव्हते. पहिले मूल टिकले नव्हते, दुसऱ्या खेपेचे मेलेले जन्मले आणि त्यानंतर त्या घरात तिच्याशी बोलणे बंद झाले. ताट वाढून ठेवले जाई. काही सांगायचे असले तर शेजारच्या बाईमार्फत सांगितले जाई. जावई शेतातून येई, जेवी आणि ओट्यावर जाऊन झोपे. तिने मला हे सांगितले तेव्हा ती आईबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

"आबा, तिथं मी स्वतःशीच मोठ्यानं बोलायला लागले होते," ती म्हणाली. "आधी बरं वाटलं. मग भीती वाटायला लागली."

तिची आई शेंगा फोडायची थांबली नाही. तिचे हात मात्र फार जोराने चालू लागले.

सासर शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात. तिकडून बैठकीसाठी माणसे आली. त्यांच्यात बोलणारे एकच, तिच्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. त्यांना सगळे नाना म्हणतात. मी रीतसर मुदत मागितली. लेक पदवीधर आहे, तिने नोकरी मिळवली तर तिने इथे राहावे, जावयानेही हवे तर शहरात यावे, असे मी मांडले. नानांनी शांतपणे ऐकून घेतले.

"भाऊ, पोर तुम्हनी शे तशी आम्हनी बी शे," ते म्हणाले. "मुदत मांगतस ते ल्या. दिवाईलोंग. नोकरी लागनी ते ऱ्हावो शहरमा. नही लागनी ते घर तिन्हं शेच."

बैठकीत ठरलेले मोडले तर पुढे आपल्या घरी कोणी बसायला येत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. दिवाळीपर्यंत नोकरी लागली नाही तर तिने परत जायचे, हे मी मान्य केले.

तिची कॉलेजातली एक मैत्रीण शहरातल्या लहानशा कार्यालयात कामाला होती. तिथे दुकानांचे आणि कापसाच्या जिनिंगचे हिशेब ठेवणारे प्रोग्राम बनवतात. त्यांना दिवाळीच्या आत एक माणूस घ्यायचा होता. अट एकच, पायथन नावाची भाषा आली पाहिजे. लेक म्हणाली, "मोबाईलवर सगळं फुकट शिकता येतं, आबा." मी म्हणालो, फुकट मिळालेल्या सल्ल्याने आजवर कोणाचा दावा निकाली निघाला नाही. आपण पुस्तक घेऊ.

कॉलेजच्या रस्त्यावर पुस्तकांचे एक दुकान आहे. दुकानदाराने तीन पुस्तके पुढे ठेवली. पहिले विटेएवढे जाड आणि अर्ध्या किमतीत. दुसरे मराठी भाषांतर. तिसरे इंग्रजी, पातळ. मी तिन्ही हातात तोलून पाहिली.

"भाऊ, वजनावर घ्यायचं असेल तर रद्दीवाला पुढच्या गल्लीत बसतो," दुकानदार म्हणाला.

पुस्तक पारखण्याची माझी रीत ठरलेली आहे. मध्येच कुठेतरी उघडायचे आणि एक परिच्छेद वाचायचा. कोण, कोणाला, काय करतो आहे हे त्या परिच्छेदातून कळले, तर पुस्तक लिहिणाऱ्याला विषय कळलेला आहे. मराठी पुस्तक या कसोटीला उतरले नाही. त्यातले शब्द मराठी होते, पण वाक्यात कर्ताच सापडत नव्हता. जाड पुस्तकाची पहिली पाने चाळून लेक म्हणाली, "हे जुन्या पायथनचं आहे. भाषा त्यानंतर बदलली." दुकानदार म्हणाला, थोडाच फरक असतो. मी जाड पुस्तक तत्काळ बाजूला सारले. दुरुस्तीपूर्वीचा कायदा घेऊन कोर्टात उभे राहणाऱ्याचे काय होते, हे मला त्याने शिकवायचे नव्हते. पातळ इंग्रजी पुस्तकाचा परिच्छेद लेकीने मला उलगडून सांगितला. त्यात कोण, कोणाला, काय करतो ते होते. ते घेतले. शिवाय सोडवलेल्या उदाहरणांचा एक संग्रह घेतला, कारण आमच्या धंद्यात नमुन्यांशिवाय कोणी शिकलेला नाही.

यंत्रही पाहायचे होते. मोबाईलवर मसुदा होत नाही, हे माझे मत तिने मान्य केले. एका ओळखीच्या दुकानातून वापरलेला लॅपटॉप मिळाला. त्याची बॅटरी मेलेली होती. वीज गेली की तो तिथल्या तिथे बंद पडे आणि लिहिलेले जाई. त्यामुळे ती दर दोन ओळींनंतर जतन करायला शिकली. प्रोग्राम लिहिण्याची साधनेही दोन प्रकारची निघाली. एक कोरे, पाटीसारखे. दुसरे असे की आपण दोन अक्षरे लिहिली की पुढचे वाक्य तेच पुरे करी. तिने मला ते कौतुकाने दाखवले. मी ते बंद करायला लावले. आपले वाक्य दुसऱ्याने पुरे केले की हात शिकत नाही. याबाबत आजही माझे मत बदललेले नाही.

मग अभ्यास सुरू झाला. खिडकीखाली टेबल, शेजारी पंखा, बाहेर भाजीवाल्यांचा गलका. आवारातील माझ्या शेजारचे टायपिस्ट एकदा घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "काय भाऊ, आता आपण दोघंही इथंच नोकरीला लागायचं का?"

लेक हसली. माहेरी आल्यापासून ती पहिल्यांदाच मोठ्याने हसल्याचे मला तेव्हा जाणवले.

"काका, तुम्हाला घेऊ," ती म्हणाली. "आबांना नाही. ते साहेबांचंच वाक्य दुरुस्त करतील."

ते गेल्यावर तिने मला एक छोटा प्रोग्राम चालवून दाखवला. कापसाचे वजन टाकले की घट वजा करून निव्वळ वजन सांगणारा. मी त्याला दोनदा शून्याखालचे खोटे वजन देऊन पाहिले. त्याने दोन्ही वेळा नाकारले. मला तो आवडला.

आता अर्जनविसांच्या घरातील एक शिस्त सांगायला हवी. नामंजूर झालेला किंवा चुकलेला अर्ज आम्ही घरात ठेवत नाही. त्याची डागडुजीही करत नाही. खाडाखोड केलेला कागद साहेबापुढे गेला की पक्षकाराची बाजू निम्मी पडते. चुकला की फाडायचा, कोऱ्या कागदावर पहिल्या शब्दापासून नवा लिहायचा. जपून ठेवायचे ते मंजूर झालेले नमुने. माझ्या वडिलांनी मला असेच वळण लावले, मी लेकीला लहानपणापासून असेच लावले. शाळेच्या वहीत चूक झाली तर ती पान फाडून नव्याने लिहायची. संगणकावरही तिने तेच केले. प्रोग्राम चालला नाही, लाल अक्षरांत तक्रार आली, की ती तक्रार वाचत न बसता तो पुसायची आणि पहिल्यापासून लिहायची. दुसऱ्या खेपेला तो बहुधा चालायचा. तिचा हात इतका बसला, की संग्रहातली उदाहरणे ती न पाहता लिहू लागली. मी समाधानी होतो आणि तसे नसण्याचे कारण मला दिसत नव्हते.

मुलाखत नवरात्र संपल्यावर झाली. मी कार्यालयाच्या जिन्याखाली थांबलो. ती खाली आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. सासरहून आली त्या दिवशी होता तसा चेहरा. रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाचे दुकान होते, तिथे आम्ही बसलो. तिथे तिने मला सांगितले.

त्यांनी तिच्यापुढे एका दुकानाच्या हिशेबाचा प्रोग्राम ठेवला होता. दुसऱ्याच कोणीतरी कधीकाळी लिहिलेला, लांबलचक. महिन्याच्या बेरजेला तो अडतो, लाल अक्षरे येतात, कुठे चुकते ते शोध, असे सांगितले. तिने तो वरून खाली वाचला. तिला तो घाणेरडा वाटला. मग तिने कोरी खिडकी उघडली आणि तोच हिशेब नव्याने लिहून काढला. वेळ संपण्याच्या आत लिहिला. बेरीज बरोबर आली.

"मग?" मी म्हणालो.

"साहेब चांगले होते. म्हणाले, छान लिहिलंय. पण असं नवं लिहायला आता यंत्रच आहे, ते बसल्या जागी लिहून देतं. आम्हाला चूक शोधणारं माणूस हवं. दुकानात रोज तोच जुना प्रोग्राम चालतो, तो फाडून टाकता येत नाही. ती लाल अक्षरं चूक कुठं आहे तेच सांगत होती, तू वाचली का नाहीस, असं त्यांनी विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आमच्या घरी वाचत नाहीत."

तिने हे तक्रारीच्या सुरात म्हटले नाही. रसाचा ग्लास तिने तसाच ठेवला. मी तिला म्हणालो की अर्जाच्या बाबतीत आपली रीत बरोबर आहे. ती म्हणाली, "हो, आबा. अर्जाच्या बाबतीत बरोबर आहे."

त्यानंतर ती लाल अक्षरे वाचायला बसली. मुद्दाम चुका करायची आणि तक्रार काय येते ते पातळ पुस्तकाच्या समासात लिहायची. मैत्रिणीकडून दुसऱ्यांचे मोडके प्रोग्राम आणायची. घरात फराळाच्या तळणाचा वास होता आणि ती टेबलावरून उठत नव्हती. मला वाटते तिला ते जमू लागले होते. पण त्या कार्यालयाने माणूस घेतला होता. दुसऱ्या दोन ठिकाणी तिने विचारले, तर नवशिके आता घेत नाही, असे उत्तर आले.

भाऊबीज झाली आणि नाना आले. बरोबर जावई होते. ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले आणि आपल्या चपलांकडे पाहत राहिले. लेकीने सगळ्यांना पाणी दिले.

"नोकरी लागनी का, बेटा?" नानांनी विचारले.

"नही, नाना."

मी बोलायला उभा राहिलो. पूर्वीची मुदत अपुरी होती, मधल्या काळात पक्षकाराने कसूर केलेली नाही, प्रगती समाधानकारक आहे, सबब पुढच्या आखाजीपर्यंत मुदत वाढवून मिळावी. मी चांगला बोललो. आयुष्यात याहून चांगला मसुदा मी केला नसेल. नानांनी मला मध्ये तोडले नाही.

"भाऊ, तुम्हनं बोलनं आयकीसन माले बी रडू येस," ते म्हणाले. "पन तारीखवर तारीख कोर्टमा चालस, घरमा नही."

माझी बायको आतून म्हणाली, "तिच्याशी बोलाल का तिथं? एवढं तरी सांगा."

नानांनी जावयांकडे पाहिले. जावई म्हणाले, "बोलू ना." तेही त्यांनी चपलांनाच सांगितले.

लेकच उठली. आमची बाजू पडली हे तिला माझ्या आधी कळले होते. माझ्या घराकडून शब्द मोडला जावा, हे तिला नको होते. बॅग भरायला तिला वेळ लागला नाही. लॅपटॉप तिने टेबलावरच ठेवला. "तिथं वीज कधी असते, कधी नसते," ती म्हणाली. "आणि विचारतील, हे कशाला." मी तो न्यायचा आग्रह धरला नाही. तिने फक्त ते पातळ पुस्तक साड्यांच्या मध्ये घातले. गाडी वळेपर्यंत तिची आई रस्त्यात उभी होती.

आता ती दुपारी फोन करते, घरातले शेतात गेले की. पाऊस, कापसाची बोंडे, आईचे गुडघे, असे विषय असतात. तिच्याशी कोणी बोलते का, असे मी सुरुवातीला विचारत असे. "बोलतात की," ती म्हणायची. तिच्यामागे मात्र मला कधी कोणाचा आवाज आला नाही. आता मी विचारत नाही.

बोलण्यासारखे संपले तरी ती फोन ठेवत नाही. मग ती पुस्तक उघडते आणि मला वाचून दाखवते. आधी प्रोग्राम, एकेक ओळ, मग त्याखाली तिने लिहिलेली तक्रार, मग चूक कुठे आहे ते. स्पष्ट, मोठ्या आवाजात वाचते. मला त्यातले फारसे कळत नाही. बाकड्यावर पक्षकार बसलेले असतात, त्यांना मी हाताने थांबायला सांगतो. तिचे पान संपले की मी म्हणतो, "पुढे वाच."