साक्षीचं धावणं बंद केलं तेव्हा

ललिता द्वारका चौकातल्या एका दुकानात साड्यांना फॉल लावते. चष्मा न लावता सुईत दोरा ओवणारी बाई, पण गेल्या वर्षी तिचे टाके वाकडे पडायला लागले. कारण एकच, तिची मुलगी साक्षी.

साक्षी दहावीत गेली होती. दहावी म्हणजे आपल्याकडे घरात वर्षभराचं सुतक. टीव्ही बंद, लग्नाला जाणं बंद, हसणंसुद्धा बेतानं. ललितानं ही रीत इमानेइतबारे पाळली. साक्षी रोज सकाळी इंदिरानगरच्या ट्रॅकवर सहा फेऱ्या धावायची, ते तिनं जूनमध्येच थांबवलं. "वर्षभर बस. मग धाव किती धावायचं ते."

पोर बसली ती बसलीच. दिवाळीपर्यंत तिची झोप उडाली, सकाळी पाठ केलेलं संध्याकाळी आठवेना, सहामाहीत गणितात नापास झाली. शेजारीण म्हणाली, वयच तसं असतं. ललिताचं काळीज मात्र भलतंच सांगत होतं. पेठ तालुक्यातल्या पाड्यावर राहणारा तिचा भाऊ राकेश सोळाव्या वर्षी असाच गप्प झाला होता. पुढे तो भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. आज चाळिशीला आला, तरी तसाच बसतो. हे रक्तातून आलं असेल तर? या प्रश्नानं ती आतून पोखरली गेली, पण कुणाजवळ बोलली नाही.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही. ती जितकी घाबरली तितकं पोरीला आवळत गेली. कोपऱ्यावरून दूध आणणंही तिनं बंद केलं. कामावरून आली की आधी पोरीच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची, मग चपला काढायची.

एके दिवशी ती आली, तर साक्षी भिंतीकडे तोंड करून बसलेली. ललिताच्या पाचावर धारण बसली. तिनं पोरीचा दंड धरला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी दवाखाना गाठला.

डॉक्टरबाई आधी साक्षीशी एकटीशी बोलल्या. मग त्यांनी ललिताला आत घेऊन विचारलं, "जूनपासून घरात काय बदललं?"

"काहीच नाही. फक्त हिचं धावणं थांबवलं."

"फक्त?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "अहो, या वयात मेंदू अजून घडत असतो. धावलं की झोप लागते, मन थाऱ्यावर राहतं, वाचलेलं लक्षात राहायला मदत होते. तुम्ही अभ्यासासाठी नेमकं तेच काढून घेतलंत. उद्यापासून धावू द्या आणि महिन्यानं दाखवायला आणा."

"आणि माझा भाऊ? तोही सोळाव्या वर्षी असाच गप्प झाला, अजून भिंतीकडे तोंड करून बसतो."

"त्यांनाही घेऊन या, तपासू. आज हिच्यात मला तसं काही दिसत नाही."

बाहेर आल्यावर ललितानं विचारलं, "मग भिंतीकडे तोंड करून का बसली होतीस?"

साक्षी म्हणाली, "जिन्यात तुझी पावलं वाजली, म्हणून तोंड फिरवलं. तू मामाकडे बघतेस ना, तशी रोज माझ्याकडे बघतेस. मला भीती वाटते."

 आता नाही बघणार, असं ललिताला म्हणायचं होतं, पण स्वतःच्या डोळ्यांची तिला खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती साक्षीबरोबर ट्रॅकवर गेली. बाकावर बसली नाही. पदर खोचून लेकीच्या मागं धावायला लागली. अर्ध्या फेरीतच धाप लागली, पण थांबली नाही. ती मागून धावत होती, म्हणून साक्षीला तिचा चेहरा दिसत नव्हता.